लेकरं घेऊन कुठं जाता येईल, ताई?

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की पत्रांचा विषयच बदलतो. मागच्या महिन्यापर्यंत डबा, होमवर्क, ट्युशन चालू होतं, आता सगळ्यांचं एकच, लेकरांना घेऊन कुठं जाऊ, दोन दिवस आहेत, तीन दिवस आहेत, गाडी आहे, गाडी नाही, पैसे इतकेच आहेत. सगळ्यांना उत्तर देण्याइतकी जागा नाही म्हणून सहा पत्रं निवडली. मी स्वतः दोन पोरं याच नागपुरात वाढवली, त्यामुळे खाली जे सांगून राहिले ते बहुतेक करून पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, आम्ही मनीषनगरला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. आमच्या यांना दिवाळीनंतर शनिवार-रविवार अशी दोनच दिवस सुटी आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली पण मी अजून पचमढी पाहिली नाही, यावेळी करायचीच असं ठरवलंय. सासूबाई म्हणतात इतक्या लहान पोरांना घेऊन कशाला जीव दमवता. दोन दिवसांत पचमढी होते का?

उत्तर : होते, पण ती तुमची होते, मुलीची होत नाही. हिशोब करून बघा. नागपूरहून छिंदवाडा, तामिया करत पचमढी साधारण अडीचशे किलोमीटर पडते. मोठ्या माणसांना सहा तास पुरतात, चार वर्षांच्या पोरीला घेऊन सात धरा, कारण तिला शू लागणार, भूक लागणार, ऐन घाटात तिची बाहुली सीटखाली जाणार. जायचे सात आणि यायचे सात, म्हणजे तिच्या जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ कारच्या सीटवर गेला. तिथं पोचल्यावरही बऱ्याच पॉइंटना आपली गाडी नेता येत नाही, परमिट काढून जिप्सी करावी लागते, बी फॉल धबधब्याला उतरायला पायऱ्याच पायऱ्या आणि परत वर येताना ती तुमच्या कडेवर असेल हे नक्की. मग संध्याकाळी ती रडणार, तुमचे हे चिडणार, आणि अकरा वर्षं वाट पाहिलेली पचमढी तुम्हाला डोकं दुखत बघावी लागणार. मला ते नको वाटतं. पचमढीला तीन रात्री द्या, तुमच्या यांना दोन दिवस रजा टाकायला लावा, मग निवांत धूपगडचा सूर्यास्त बघा. १,३५० मीटर उंची आहे, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक, तुमच्या मुलाला पुढं कधी भूगोलात सातपुडा आला की त्याला वर्गात सांगता येईल मी तिथं उभा होतो म्हणून.

माझा साधा नियम आहे, एकच मुक्काम असेल तर एका बाजूचा प्रवास अडीच तासांच्या वर नको. म्हणून या दोन दिवसांत तुम्ही रामटेक करा. आता म्हणाल रामटेक काय, दहा वेळा झालंय. झालंय, पण कसं झालंय? सकाळी निघालो, दर्शन घेतलं, नारळ फोडला, जेवायला घरी. मुक्कामाला किती जण राहिलेत? पन्नास-एक किलोमीटर अंतर आहे, मुलं गाडीत कंटाळायच्या आत गाव येतं, आणि सगळा दिवस हातात राहतो.

शनिवारी आठला निघा, घाई करू नका, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि दही सोबत घ्या. वाटेत मनसरला थांबा. हायवेपासून जवळच टेकडीवर वाकाटक राजांच्या काळातलं विटांचं बांधकाम उत्खननात निघालेलं आहे, वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच असं बरेच अभ्यासक मानतात. मुलाला एवढंच सांगा की ही वीट दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हातानं थापली, त्याच्यावर जास्त इतिहास लादू नका, वीस मिनिटांत खाली या. दुपारी जेवण आणि झोप. झोप सोडू नका, चार वर्षांच्या पोरीची दुपारची झोप मोडली की संध्याकाळ सगळ्यांचीच मोडते. गडमंदिरावर, म्हणजे टेकडीवरच्या राममंदिरावर, चारनंतर चढा, कारण चपला काढून दगडावरून चालायचं असतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुपारी तो दगड लेकरांच्या तळव्यांना चांगलाच चटके देतो. चारनंतर वारा सुटतो, वरून तलाव दिसतात, कालिदास स्मारक बघता येतं.

माकडांचं मात्र नीट ऐका. मुलीच्या हातात काहीच देऊ नका, बिस्किटाचा पुडा नाही, पाण्याची बाटली नाही, चुरचुर आवाज करणारी कॅरीबॅग तर अजिबात नाही. माझा मोठा पाच वर्षांचा असताना त्याच्या हातातली चिक्की एका माकडानं इतक्या सफाईनं घेतली की त्याला कळलंच नाही, तो रिकाम्या मुठीकडं बघत राहिला, मग माकडाकडं बघितलं, ते समोरच्या भिंतीवर बसून कागद सोलत होतं अगदी आपण सोलतो तसं, आणि मग हा रडायच्या ऐवजी म्हणाला, आई त्याला कागद सोलता येतो! आज तो कॉलेजला आहे. रामटेक म्हटलं की त्याला मंदिर आठवत नाही, ते माकड आठवतं. मला त्यात काही वाईट वाटत नाही.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत खिंडसी तलावात बोटिंग. लाईफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं मागा, मोठ्यांचं जॅकेट चार वर्षांच्या पोरीच्या अंगातून वरच्या वर निघून येतं, ते घातलं काय नि नाही काय. मापाचं नसेल तर तिला काठावर पाण्यात दगड मारू द्या, तिला त्यातही तेवढंच आवडेल. दुपारच्या जेवणापर्यंत घरी या म्हणजे सोमवारी शाळेत पोरं पेंगणार नाहीत. सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांचं रामाचं दर्शन होईल.

राहायची जागा बुक करताना एक गोष्ट फोनवर विचारून घ्या. आम्ही एकदा एका रिसॉर्टवर गेलो, फोटोत सगळं छान, फॅमिली रूम म्हणून पैसे घेतले, आणि रात्री नऊला धाकटीसाठी कपभर दूध मागितलं तर किचन बंद झालं म्हणाले, रूमच्या बाल्कनीचे गज इतके रुंद की तिचं डोकं आरपार जाईल, रात्रभर मी बाल्कनीच्या दाराला खुर्ची लावून झोपले. तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारते, रात्री दूध आणि साधा वरण-भात मिळेल का, रूम कितव्या मजल्यावर, बाल्कनी कशी आहे. नीट उत्तर देतात ते लोक बहुतेक बरे निघतात.

प्रश्न : नमस्कार ताई. मुलाला वाघाचं फार वेड आहे, वय सात. धाकटी तीन वर्षांची. पेंच करावं की ताडोबा? सगळे म्हणतात ताडोबात वाघ हमखास दिसतो. एक वडील, नंदनवन.

उत्तर : भाऊ, हमखास असं जंगलात काही नसतं, हे आधी मुलाला सांगा, आणि जायच्या आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधीपासून सांगा. वाघ दिसणार म्हणून नेलं आणि नाही दिसला की सात वर्षांचं पोरगं चितळ, गवा, मोर, रानकुत्री सगळं बघूनही काहीच नाही दिसलं म्हणत परत येतं. त्याच्या हातात वही द्या आणि जे दिसेल ते लिहायला लावा, नाव नाही आलं तर चित्र काढू दे. गाईडला त्यानं स्वतः प्रश्न विचारू देत. आमच्याकडे ती वही अजून आहे, एका पानावर फक्त 'वाघाचा पंजा, माझ्या हातापेक्षा मोठा' एवढंच लिहिलंय आणि मातीचा डाग आहे.

आता धाकटी. तिला सफारीत नेऊ नका. पहाटे चारला उठवायचं, उघड्या जिप्सीत डिसेंबरचा गार वारा, मग धूळ, तीन-चार तास गाडीतून उतरता येत नाही, शू लागली तरी नाही, आणि जिथं सगळे श्वास रोखून बसलेत तिथं ती रडली तर तुम्हालाही अपराधी वाटणार आणि बाकीच्यांनाही त्रास. दोघांपैकी एकानं मुलासोबत जावं, एकानं धाकटीसोबत गेटजवळच्या मुक्कामी थांबावं, संध्याकाळी पाळी बदलायची. बायकोलाच दोन्ही वेळा मागं ठेवू नका एवढं बघा.

पहिल्या वेळेला मी पेंच म्हणेन, सिल्लारी गेट. ताडोबाचे गेट शंभर किलोमीटरच्या पुढं आहेत, सिल्लारी त्यापेक्षा पुष्कळ जवळ. शिवाय पेंचला रात्र आहे! जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे तिथं रात्री दिव्यांचा उजेड मुद्दाम कमी ठेवतात म्हणून आकाश खरं काळं दिसतं. नागपूरच्या पोरांनी आकाशगंगा पाहिलेलीच नसते, आपल्या गच्चीवरून मोजून पंचवीस-तीस तारे दिसतात. अमावस्येच्या आसपासची तारीख बघा, पौर्णिमेला जाऊ नका. धाकटीसुद्धा हे बघू शकते, तुमच्या मांडीवर पडल्या पडल्या.

ताडोबा ठरवलंच तर मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, आणि जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंद असतं. बुकिंग आधी ऑनलाईन करावं लागतं, ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच ओरिजिनल सोबत लागतं, कोअरमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत. मुलाच्या हातात दुर्बीण द्या, महागडी नको, पण घरी आधी दोन-तीन दिवस कावळे-साळुंक्या बघून सवय करू द्या नाहीतर जंगलात फोकस लावण्यातच वेळ जातो.

आणि खरं सांगू का, तीन वर्षांच्या मुलीसाठी आपलं गोरेवाडा प्राणिसंग्रहालय पुरेसं आहे. २०२१ च्या २६ जानेवारीला तिथली इंडियन सफारी सुरू झाली, बंद काचेच्या बसमधून वाघ, बिबट, अस्वल दाखवतात, अर्ध्या दिवसात घरी. तिच्या भावाला वाटेल ते खोटं जंगल आहे. तिला वाघ म्हणजे वाघ.

प्रश्न : आम्हाला चिखलदऱ्याला जायचंय पण सहा वर्षांच्या मुलाला गाडी लागते. मागच्या वेळी अमरावतीपर्यंत तीन वेळा उलटी झाली आणि आम्ही परतवाड्याहूनच माघारी फिरलो. मला फार वाईट वाटलं, पोरगा स्वतःलाच दोष देत होता. त्रिमूर्तीनगर.

उत्तर : त्याला जवळ घेऊन पहिल्यांदा हे सांगा की यात त्याची काही चूक नाही. कानाच्या आत आपला तोल सांभाळणारं यंत्र असतं, ते सांगतं आपण हलतोय, आणि डोळे मोबाईलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर असले की ते सांगतात आपण स्थिर आहोत, मेंदूचा गोंधळ होतो आणि पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या पोरांना हा त्रास जास्त असतो, पुढं बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो. त्यालाही असंच सांगा, सहा वर्षांच्या मुलाला कळतं.

म्हणून पहिलं काम, गाडीत मोबाईल बंद, चित्रांचं पुस्तक बंद. तो शांत बसावा म्हणून आपणच हातात मोबाईल देतो आणि आपणच उलटी ओढवून घेतो. त्याला मागच्या सीटवर मधोमध बसवा, सीटबेल्ट लावून, म्हणजे समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल. लांब बघायचे खेळ खेळा, आता पुढं पहिलं लाल ट्रॅक्टर कोण बघतं, संत्र्याची बाग कुठून सुरू झाली. दुसरं, उपाशीपोटी काढू नका आणि भरपेटही काढू नका. निघताना तर्री-पोहे तर मुळीच नको, तेलाच्या तवंगानं मोठ्यांचंही पोट डुचमळतं. साधा टोस्ट, मुरमुरे, थोडा गुळ-शेंगदाणे, पाणी घोट घोट. गाडीतला तो वासाचा परफ्यूम काढून टाका, काच दोन बोटं उघडी ठेवा.

गोळी-सिरप द्यायचं असेल तर तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा, आपल्या मनानं मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. बहुतेक औषधं निघायच्या आधी द्यावी लागतात, उलटी सुरू झाल्यावर देऊन फायदा होत नाही.

खरी परीक्षा परतवाड्यानंतर, घाट लागल्यावर. परतवाड्याला अर्धा तास मोकळं थांबा, त्याला पळू द्या, तोंड धुवा. घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगा वळणावर ब्रेक मारत नको जाऊस, हळू आणि एकसारखं चालव, मागचा ट्रक हॉर्न मारू दे. जाड कॅरीबॅग, ओला नॅपकिन, एक शर्ट हाताशी ठेवा, डिक्कीत नाही. आणि दर पाच मिनिटांनी 'बेटा कसं वाटून राहिलं' असं विचारू नका, विचारलं की आठवतं.

वर पोचल्यावर पहिला दिवस काहीच करू नका. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, हवाच बघण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी गाविलगड किल्ला, भीमकुंड, कॉफीची झाडं. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं आणि कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं ही गोष्ट त्याला दरीच्या काठावर रेलिंगला धरून सांगा, डोळे एवढे मोठे होतील.

प्रश्न : पोरी, मी नागपूरच्या महाल भागात राहते, वय ७१. पुण्याहून नातवंडं येऊन राहिली दिवाळीला, एक बारा वर्षांचा, एक आठ वर्षांची. दोन दिवस झाले की म्हणतात आजी बोर होतंय, नागपूरमध्ये काहीच नाही. माझे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. यांना कुठं नेऊ?

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नागपूरमध्ये काहीच नाही हे ऐकून मलाच कसंतरी झालं.

सुरुवात तुमच्या घरापासूनच करा. महालातून रमण विज्ञान केंद्र अगदी जवळ, गांधीसागर तलावाच्या काठावर, १९९२ पासून आहे. आत सगळं हात लावून बघायचं आहे, आरसे, चाकं, लोलक, बाहेर डायनासोर. बारा वर्षांच्या मुलाला तारांगणाचा शो दाखवा, तुम्ही खुर्चीत बसा, त्या खुर्चीत गुडघ्यांनाही आराम. दिवाळीच्या दिवशी बंद असतं, तेवढं बघून जा.

दुसऱ्या दिवशी अजब बंगला. १८६३ चं म्युझियम आहे, देशातल्या जुन्यांपैकी एक, पेंढा भरलेले प्राणी, आदिवासी दालन, जुनी शस्त्रं, मूर्ती. पोरांना म्युझियम म्हटलं की कंटाळा येतो हे खरं, त्यावर माझा उपाय आहे, प्रत्येकानं आतली एकच वस्तू निवडायची जी त्याला घरी न्यावीशी वाटते आणि बाहेर आल्यावर का ते सांगायचं. आठ वर्षांची पोर मग प्रत्येक कपाटापाशी थांबते. सोमवारी बंद असतो. तिथून जवळच झिरो माईलचा स्तंभ आणि ते चार घोड्यांचे पुतळे. सगळं नागपूर रोज बाजूनं जातं आणि उतरून बघत कोणी नाही. त्या दगडावर छिंदवाडा, सिवनी, बैतूल, हैदराबाद अशी गावांची नावं आणि मैल कोरलेत, जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, पोरांना ती ओळखायला लावा. ब्रिटिशांनी देश मोजला तेव्हाची ही खूण आहे. मग झिरो माईल स्टेशनवरून मेट्रो, सीताबर्डीला बदलून लोकमान्य नगरकडं जाणारी घ्या, वाटेत वरून अंबाझरी तलाव दिसतो. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, तुमच्या गुडघ्यांची काळजी नाही. पुण्याच्या पोरांना मेट्रोचं कौतुक नसेलही, पण तलावाच्या बाजूनं जाणाऱ्या मेट्रोचं असेल.

आणि एक जागा मुद्दाम शेवटी ठेवली. कडबी चौकाजवळ मोतीबागचं नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या लाईनचं, रेल म्युझियम. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की तुमचं माहेर सौंसरचं, लग्न होऊन छोट्या लाईननं नागपूरला आल्या. आजी, ती छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, रूळ उखडून मोठी लाईन टाकली. पण त्या रेल्वेचे डबे, इंजिनं, कंदील, टोकन, स्टेशनमास्तरची यंत्रं त्या म्युझियममध्ये ठेवलीत. तिथं बाकावर बसा आणि नातवंडांना सांगा, गाडी किती हळू चालायची, खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यात कसे जायचे, कोणत्या स्टेशनवर काय खायला मिळायचं, सोबत कोण होतं, तुम्ही रडत होत्या की नाही. तिथं कागदावर लिहिलेली माहिती कोणीही वाचून दाखवेल, हे दुसरं कोणी सांगू शकत नाही. बाहेर लहान मुलांची छोटी गाडी फिरते, आठ वर्षांची तीत बसेल, बारा वर्षांचा नको नको म्हणत तोही बसेल. हे पण सोमवारी बंद.

रोज एकच जागा, आजी. सकाळी जाऊन जेवायला घरी. दुपारी त्यांना तुमच्यासोबत पुडाच्या वड्या लाटायला बसवा, सांबार निवडायला द्या. पुण्यात त्याला कोथिंबीर म्हणतात यावरूनच अर्धा तास भांडण रंगेल.

प्रश्न : आम्हा तिघांना, मुलगी सात वर्षांची, तीन दिवसांसाठी दुसरं एखादं शहर बघायचंय, रेल्वेनं. भोपाळ की हैदराबाद? आणि मुलीचं तिकीट अर्धं लागतं ना? प्रतापनगर.

उत्तर : आधी तिकिटाचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळी सीट नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं, हा नियम २०१६ पासून आहे. पण चेअर कार आणि वंदे भारतमध्ये बिन-सीटचं तिकीट मिळत नाही, तिथं पूर्णच धरा. मुलीचा जन्मदाखला किंवा आधार मोबाईलमध्ये ठेवा. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीचं आता मिळणं कठीण, नाताळचं आजच बघा.

हैदराबादला २०२४ पासून वंदे भारत सुरू झाली, सात-सव्वासात तासांत सिकंदराबाद. सालारजंग म्युझियममधलं ते घड्याळ, दर तासाला त्यातून छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, पोरं वेडी होतात. शुक्रवारी ते बंद, झू सोमवारी बंद. पण शहर मोठं, अंतरं लांब, ट्रॅफिकमध्ये तुमची मुलगी थकेल.

मी भोपाळ निवडेन. मानव संग्रहालय म्हणजे टेकडीवर पसरलेलं उघडं म्युझियम, देशभरातल्या आदिवासींची खरीखुरी घरं उभी केलीत, मुलांना आत-बाहेर करता येतं, खाली मोठा तलाव. जवळच जनजातीय संग्रहालय, ते तर लहान मुलांसाठीच बनवल्यासारखं आहे. दोन्ही सोमवारी बंद, म्हणून सोमवार धरून जाऊ नका. एक दिवस भीमबेटकाला द्या, ४५ किलोमीटर. गुहांच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं हरणं, हत्ती, शिकारी, नाचणारी माणसं काढलीत. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकरांनी ती शोधली, रेल्वेनं जाताना लांबून ते खडक दिसले आणि पुढच्या स्टेशनवर उतरून चालत गेले असं सांगतात. तुमची गाडीही इटारसीहून भोपाळला त्याच बाजूनं जाते, मुलीला खिडकीशी बसवून आधीच गोष्ट सांगा, मग ती सगळे खडक शोधत जाईल. गुहांचा रस्ता बराचसा सपाट आहे, सात वर्षांच्या मुलीला सहज जमतं. तिथं भिंतीला हात लावायचा नाही हे आधी सांगून ठेवा. हॉटेलवर आल्यावर कागद-रंग द्या.

प्रश्न : ताई, मी एकटी आई आहे. मुलगी आठ वर्षांची. दुकानात काम करते, एक दिवसच सुटी मिळते. वर्गातल्या मुली गोव्याला, मनालीला जाऊन आल्या, ही काहीच बोलत नाही पण मला कळतं. हजार रुपयांत आम्हा दोघींची एखादी ट्रिप होईल का? लाज वाटते लिहायला. सक्करदरा.

उत्तर : लाज कशाची बाई. होईल, आणि पैसे उरतीलही.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात जा. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच लागतं, म्हणजे तुम्ही दोघी मिळून एका तिकिटात वर्धा. ७५-८० किलोमीटर. सकाळी सातची बस धरा, डबा घरचा घ्या, दशम्या, कोरडी चटणी, एक काकडी. वर्ध्याहून आश्रम आठेक किलोमीटर, शेअर ऑटो मिळतात.

१९३६ मध्ये गांधीजी इथं राहायला आले. बापू कुटीत मुलीला जमिनीजवळ वाकून बघायला सांगा, माती-बांबूची भिंत, बसायची चटई, आणि एक लाकडी पिंजरा-चिमटा, साप पकडायचा. इथं तेव्हा साप फार निघायचे, ते मारायचे नाहीत, पकडून लांब सोडून यायचे. आठ वर्षांच्या मुलीला सगळ्या आश्रमात हेच सगळ्यात जास्त आवडतं, माझ्या मुलीनं कोण पकडायचं, कसं पकडायचं, चावला तर काय, असे इतके प्रश्न विचारले की तिथल्या एका आजोबांनी तिला शेजारी बसवून उत्तरं दिली. टेलिफोनची खोलीही बघा, दिल्लीहून व्हाइसरॉयला बोलता यावं म्हणून मातीच्या घरात फोन आला होता. झाडाखाली सतरंजी टाकून डबा खा, घाई कोणाची नाही.

दुपारी उन्ह उतरल्यावर पवनारला जा, विनोबांचा आश्रम धाम नदीच्या काठावर आहे. खाली खडकांवर बसून पाण्यात पाय सोडा, दोघींनी. पावसाचं पाणी जास्त असेल तर पाण्यात नको, काठावरूनच. पवनार नागपूर रोडवरच आहे, पण एसटी तिथं थांबते का ते सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा, नाहीतर वर्ध्याला परत येऊन बस घ्या. वर्ध्याला गेलात तर गोरस पाकाचा एक पुडा घ्या, गाईच्या तुपातलं बिस्कीट असतं ते, वर्ध्याबाहेर सहसा मिळत नाही. तो घरी फोडू नका. सोमवारी तिच्या डब्यात चार जास्तीचे द्या, वर्गातल्या मुलींसाठी, आणि सापाच्या पिंजऱ्याचं तिला स्वतःला सांगू द्या. तिनं काय सांगितलं ते मला नक्की लिहा, मी वाट बघते.